मदगदप्पेची नोंद

“छापून आलं की आधी तिला वाचून दाखवायचं, अम्मा. तिच्या दगडासमोर बसून, मोठ्यानं. एक शब्द गाळायचा नाही, एक पदरचा घालायचा नाही. मग जगानं खुशाल वाचावं.”

ऐत पांबदचं हे बोलणं वारिजाक्षी कल्कूरच्या कानात अकरा वर्षं घर करून होतं. सकाळी तुळशीभोवती फिरताना प्रदक्षिणांचा आकडा चुकायचा तो बहुतेक वेळा याच आवाजाने. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची. नेम म्हणजे नेम.

ऐत कार्कळजवळच्या नेल्लिबैल गावचा. एरवी सुपारीच्या बागेत मजुरी करणारा, हाडकुळा, बोलायला तिखट माणूस. पण त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक काम चालत आलं होतं. वर्षातून एकदा, सुग्गी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला, मदगदप्पेला, म्हणजे तळ्यातल्या आईला, आपलं अंग द्यायचं. तोंडाला पिवळा रंग, कमरेला कोवळ्या झावळ्यांचा घेर, पायांत जड वाळे चढले की ऐत ऐत राहत नसे. तिचा हा कोल बघायला पंचक्रोशी लोटायची, आणि त्या गर्दीच्या अगदी मागे, फणसाच्या झाडाखाली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली वारिजाक्षी दरवर्षी उभी असायची.

वारिजाक्षी मंगळूरला विश्वकोशाच्या कचेरीत सहायक संपादक होती. वकिलांच्या गल्लीत एक कौलारू माडी, तिच्यावर लाकडी कप्प्यांची कपाटं आणि कप्प्यांत हजारो कार्डं. एका विषयाचं एक कार्ड. बाविसाव्या वर्षी ती तिथे नकलनवीस म्हणून लागली आणि तिथेच तिचे केस पिकले. लग्न जमलं नाही, आई होती तोवर आई, मग एकटीच. सोमवार, एकादशी, चातुर्मास. कचेरीत तिचा आवाज कुणाला फारसा ऐकू यायचा नाही, पण तिने तपासलेल्या कार्डावर पुन्हा कुणी नजर टाकत नसे. “वारिजाक्षीअम्मांचं कार्ड आहे ना? मग द्या टाकून खिळ्यात,” असं खिळे जुळवणारा मोनप्पा म्हणायचा.

ऐतकडे ती प्रथम गेली ती ‘भ’चा खंड चालू असताना. भूताराधनेवर, म्हणजे असल्या दैवांच्या पूजेवर, काय लिहायचं यावर समितीत सहा महिने वाद चालला. एक म्हणे, ही दैवं म्हणजे हिंदू धर्मच, दुसरा म्हणे, हिंदू धर्म इथे यायच्या आधीपासून ही दैवं आहेत. शेवटी मुख्य संपादक सीताराम केदिलाय यांनी चष्मा पुसत तोड काढली. ‘भ’च्या खंडात एकच ओळ छापून आली: भूताराधना – पाहा : हिंदू धर्म.

“‘ह’ येईपर्यंत कोण जगतो, कोण मरतो,” केदिलाय हसून म्हणाले होते. तोवर वारिजाक्षी नेल्लिबैलला जाऊन, सगळं ऐकून, वहीत उतरवून आलीही होती.

त्या दिवशी दुपार करपत होती. ऐतने तिच्यासाठी पडवीत चटई टाकली आणि स्वतः खाली अंगणात बसला. त्याची बायको कर्गी हिने रीतीप्रमाणे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून चटईच्या कडेला ठेवलं. वारिजाक्षीने तांब्याकडे पाहिलं, मग कर्गीकडे.

“आज माझा उपास आहे गं,” ती म्हणाली.

त्या दिवशी कुठलाही उपास नव्हता. कर्गीने मान डोलवली, तांब्या उचलला, आत नेला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. असले उपास तिने आयुष्यभर पाहिले होते.

मग कर्गीने डफासारखं छोटं तेंबरे मांडीवर घेतलं आणि दोघांनी मिळून मदगदप्पेचं गाणं सांगितलं. कोलाचा महिना नसताना, तेल-विडा देऊन मानाचं बोलावणं आल्यावाचून ते सांगायचं नसतं. ऐतने सांगितलं, कारण वारिजाक्षी म्हणाली होती की हे मोठ्या ग्रंथात जाणार, तिथून कुणी पुसू शकणार नाही.

गाणं लांब होतं, गोष्ट लहान. नेल्लिबैलच्या वाड्यावर, म्हणजे गुत्तूवर, राबणाऱ्या एका कुळाची पोर. नऊ वर्षांची. दुष्काळाचं साल. आई बाळंतपणाला अडलेली आणि घरात थेंब नाही. पोरीने धन्याच्या तळ्यात घडा बुडवला. तिच्या जातीच्या लोकांनी त्या तळ्याला शिवायचं नव्हतं. धन्याच्या माणसांनी तोच घडा तिच्या गळ्यात बांधला आणि तिला तळ्यात लोटलं. पुढे गुत्तूची वासरं ते पाणी पिईनात. मग माणसं मरायला लागली. तेव्हा धन्याने तळ्याकाठी तिचा दगड बसवला आणि हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून दरवर्षी त्या घरातला कर्ता पुरुष उभा राहतो, आणि उजाडता उजाडता, सगळ्या गावादेखत, ती ऐतच्या तोंडून विचारते.

“मला कुणी बुडवलं?”

“आमच्या घरानं.”

“पाणी कुणाचं?”

“तुझं, आई.”

मग धन्याने तांब्याच्या घड्यातून तिच्या ओंजळीत पाणी ओतायचं. घडा रिकामा होईपर्यंत हात थांबवायचा नाही.

“झालं,” ऐत म्हणाला होता. “तुमच्या पुस्तकातल्या लोकांना आमचा धर्म काय ते हवंय ना? एवढाच आहे. ज्यानं मारलं त्यानं वर्षातून एकदा तिच्यासमोर खरं बोलायचं. बाकी रंग न् झावळ्या.” आणि मग ती अट घातली. तिची गोष्ट अंगणाबाहेर नेणाऱ्याने ती परत आणून तिला ऐकवायची. नाहीतर ती चोरी.

वारिजाक्षीने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून ती कार्ड लिहायला बसली. वहीतलं शिसपेन्सिलीचं अक्षर बघून शाईने उतरवत गेली. बुडवलं इथवर आली आणि हात अडला. ज्या मूर्तीला, ज्या दगडाला लोक आई म्हणतात तिच्याबद्दल नुसतं ‘गळ्यात घडा बांधून बुडवलेली मजूर मुलगी’ एवढंच लिहून पूर्णविराम द्यायचा? तिच्याने ते होईना. तिची आई रस्त्याने जाताना असल्या कुठल्याही स्थानापाशी थांबायची, भीतभीत हात जोडायची आणि म्हणायची, “दुर्गेच्या सख्या गं या सगळ्या.” वारिजाक्षीने मनात नमस्कार केला आणि कार्डाच्या शेवटी एक ओळ लिहिली: ‘मदगदप्पे ही दुर्गेची सखी मानली जाते.’

असं नेल्लिबैलला कुणी मानत नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण लिहिल्यावर तिला बरं वाटलं, उघड्या अंगावर पांघरूण घातल्यासारखं. कार्ड क्रमांक चार हजार चारशे सतरा. तिने ते कप्प्यात सरकवलं.

पुढे दरवर्षी कोल संपला, तोंडाचा रंग धुतला, की ऐत फणसाखाली येऊन विचारायचा, “कुठवर आलं?”

“‘म’वर.”

त्याला वाचता येत नव्हतं, पण कुणाकडून तरी अक्षरं पाठ करून घेतली होती. तो बोटं मोडायचा. “म्हणजे अजून आठ. तुमच्याकडं माणसं गोगलगाईवर बसून लिहितात काय, अम्मा?”

आणखी काही वर्षांनी: “आता?”

“‘स’ चाललाय, ऐतज्जा. ‘स’ फार मोठं अक्षर आहे.”

“कुणी सांगितलं एवढं मोठं ठेवायला? मी खपलो की मग काढाल तुम्ही ‘ह’.”

तो हसायचा, ती हसायची नाही.

‘ह’ची पाळी आली तेव्हा केदिलाय एकाहत्तर वर्षांचे होते आणि पहिल्या समितीतले निम्मे लोक खंड बघायला उरले नव्हते. ‘हिंदू धर्म’ या नोंदीला चौदा पानं ठरली होती. शेवटच्या बैठकीला लांब मेजाभोवती मोजकीच माणसं जमली. केदिलाय, महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणारे डॉ. यशोधर बंगेर, आणि विश्वकोशाला पहिल्यापासून कागद पुरवणारे सल्लागार शांताराम आड्यंताय. नेल्लिबैलचं गुत्तू याच आड्यंतायांचं. कूळकायद्याने जमिनी गेल्या, तरी घर, तळं आणि कोलाचा मान त्यांच्याकडेच होता. बैठकीचं टिपण घ्यायला मेजाच्या टोकाला वारिजाक्षी.

“पहिलंच वाक्य बघा,” बंगेर म्हणाले. “‘वेदांना प्रमाण मानणाऱ्यांचा धर्म.’ माझी आजी कोळीण. मासळीची पाटी घेऊन जन्म गेला. वेद तिनं पाहिला नाही, ऐकला नाही, आणि ऐकायला गेली असती तर हाकलली असती. ती कोण होती मग?”

“हिंदूच होती की,” आड्यंताय शांतपणे म्हणाले. “म्हणून तर म्हणतो, नोंद एकसंध हवी. ठिगळं नकोत. सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात, डॉक्टर.”

“समुद्राचं कौतुक ऐकतोय केव्हाचा. नदीला विचारलंय का कुणी?”

केदिलाय खोकले. “वाक्य बदलू आपण. ‘बहुतांशी’ घालू.”

“घाला. ‘बहुतांशी’ घातलं की काहीही पचतं,” बंगेर म्हणाले. “माझं म्हणणं एवढंच, की दैवं या नोंदीतून बाहेर काढा. ती हिंदू धर्मात घातलीत की गिळलीत. शंभर वर्षांनी कुणाला कळणारही नाही की ती वेगळी होती.”

“बाहेर काढून ठेवू कुठं?” केदिलायांनी हात पसरले. “‘द’मध्ये लिहिलंय ‘पाहा भूताराधना’. ‘भ’मध्ये लिहिलंय ‘पाहा हिंदू धर्म’. माणूस पानं उलटत इथवर आला की मी त्याला काय सांगू? घरी जा?”

“पुरवणी काढा.”

“कागद?” केदिलायांनी हळूच आड्यंतायांकडे पाहिलं. आड्यंताय खिडकीबाहेर बघत होते.

मग नेल्लिबैलचा मजकूर निघाला. पाऊण पान होतं. घडा, तळं, दोन प्रश्न, दोन उत्तरं. केदिलायांनी तो मोठ्याने वाचला नाही, नुसता मेजावर सरकवला.

“हा मजकूर कशाला?” आड्यंताय म्हणाले. “धर्माच्या नोंदीत खून कशाला?”

“हाच तर या दैवांचा गाभा आहे,” बंगेर म्हणाले. “आणि म्हणूनच तो हिंदू धर्माखाली नको. मीही म्हणतो, काढा.”

अकरा वर्षं एकमेकांशी भांडलेली दोन माणसं पहिल्यांदाच एका ठरावावर आली. वारिजाक्षीची लेखणी थांबली.

“सर,” ती म्हणाली. तिघांनी चमकून बघितलं, कारण टिपण घेताना ती कधी बोलत नसे. “मी त्या माणसाला शब्द दिलाय. हे छापून येईल म्हणून त्यानं सांगितलं. नियम मोडून सांगितलं.”

“येतंय ना छापून,” आड्यंताय मृदूपणे म्हणाले. त्यांनी कार्ड उचललं, लांब धरून वाचलं. “तुमचंच अक्षर आहे, अम्मा. ‘मदगदप्पे ही दुर्गेची सखी मानली जाते.’ किती छान लिहिलंय. ही ओळ ठेवू. गावाचं नाव आलं, तिचं नाव आलं, मान राहिला. बाकीचं कशाला?”

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं: ही ओळ ऐतची नाही, माझी आहे. एवढंच. पण ते बोललं की या मेजावरच्या लोकांना कळणार होतं, की वारिजाक्षीअम्मा कार्डात पदरचं घालतात. मग पुढचा प्रश्न कुणीही विचारला असता: आणखी कुठं कुठं घातलंय? नऊ हजार कार्डं होती तिच्या हातची. तिने मान खाली घालून टिपणात लिहिलं: मजकूर वगळावा, एकमताने. शेवटची ओळ ठेवावी.

बंगेरांनी कॉफी संपवली आणि उठता उठता म्हणाले, “सखी ठेवणार असाल तर समितीतून माझं नाव गाळा. तेवढी एक गाळणूक माझ्या पसंतीची होऊ द्या.”

जिन्यात आड्यंतायांनी तिला गाठलं. वरून आढ्यतेखोर वाटणारा माणूस, पण आवाज खाली आला होता.

“अम्मा, मनात राग धरू नका. मी दरवर्षी उभा राहतो, बघताच तुम्ही. हर्नियाचे टाके ओले होते त्या वर्षीही उभा राहिलो. तिच्यापुढं मान खाली घालायची मला लाज नाही. ते आमचं आणि तिचं आहे. पण पुस्तक मुंबईला जाणार, माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या कपाटात बसणार. तिथं ती नाही प्रश्न विचारायला. तिथं नुसता मी आहे, उत्तर देणारा.”

माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्यामुळेच ते वारिजाक्षीला जास्त जड वाटलं.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिने केदिलायांच्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कार्डावरची ती ओळ तिने स्वतः घातली होती. ऐतने तसं काही सांगितलं नव्हतं. वहीत नाही, गाण्यात नाही.

केदिलायांनी टाक पुसायला घेतला.

“हे मी ऐकलं नाही,” ते म्हणाले.

“सर, मी मुद्दाम सांगायला आले.”

“आणि मी मुद्दाम ऐकलं नाही. मोनप्पानं पानं बांधली. उद्या छपाईला चढताहेत. तीस वर्षं लागली मला इथवर यायला, वारिजाक्षीअम्मा. एका ओळीसाठी मी आता सगळं उतरवू? तुम्ही भक्तीनं लिहिलंत. भक्तीनं लिहिलेलं खोटं नसतं, असं समजा आणि घरी जा.”

ती घरी गेली. देवापुढे बसली आणि पहिल्यांदाच तिला देवापुढे काय बोलावं ते कळेना.

पौष सरता सरता पोस्टकार्ड आलं. कर्गीने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. अक्षर वाकडं, मजकूर दोन ओळींचा. ऐतला उठवत नाही. ‘ह’ आलं का विचारतो, तेवढं कळवावं.

वारिजाक्षीने ते स्तोत्राच्या पोथीत ठेवलं. रोज पोथी उघडायची, रोज ते कार्ड समोर यायचं. काय कळवणार? आलं म्हणावं तर तो म्हणेल वाच. नाही आलं म्हणावं तर खोटं. तिने जोडकार्ड विकत आणलं, वर ‘श्री’ लिहिलं, आणि पुढे काही लिहिलं गेलं नाही. असा महिना लोटला. त्या महिनाभरात तिचा एकही नेम चुकला नाही. प्रदक्षिणा झाल्या, पारायण झालं, सोमवार झाले. चुकलं ते एवढंच.

‘ह’चा पहिला बांधलेला खंड कचेरीत आला तो फाल्गुनातल्या दशमीला. पुठ्ठ्याला खळीचा वास होता. केदिलायांनी हार आणवले होते. आड्यंताय पेढ्यांची पेटी घेऊन आले, सगळ्यांना वाटले आणि वारिजाक्षीपुढे येऊन थांबले.

“ऐत गेला, कळलं ना?”

तिच्या हातात पेढा होता. तो तसाच राहिला.

“पंधरवडा झाला. शेवटी शेवटी नुसता अक्षरं म्हणत होता म्हणे. श, ष, स. पुढं थांबायचा.” आड्यंतायांनी मान हलवली. “भला माणूस. आता पंचाईत अशी, की अंगात घेणारं मागं कुणी नाही. पुतण्या मुंबईला हॉटेलात आहे, तो येत नाही म्हणतो. परक्या माणसाच्या अंगात ती यायची नाही. तेव्हा घरात बसून आम्ही ठरवलं, यंदापासून कोल नको. भटजी बोलावून दुर्गाहोम करू तळ्याकाठी. गावातले चारदोन लोक कुरकुरत होते, त्यांना आता हे दाखवता येईल.” त्यांनी खंडाच्या पाठीवर हात ठेवला. “छापून आलंय ना, दुर्गेची सखी. तुमच्या पुण्याईनं शास्त्राधार मिळाला, अम्मा.”

ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि ती दडवावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

वारिजाक्षी आपल्या मेजाशी जाऊन बसली. म्हणजे आता तळ्याकाठी कुणी विचारणार नव्हतं, आणि कुणाला सांगावं लागणार नव्हतं. होमाच्या धुरात मंत्र म्हटले जातील, गुत्तूच्या कल्याणाचा संकल्प सोडला जाईल, आणि ती नऊ वर्षांची पोर ज्यांनी बुडवली त्यांच्याच घरासाठी दुर्गेपाशी सखी म्हणून उभी राहील. आड्यंतायांना हे जमलं नसतं. केदिलायांना सुचलं नसतं. ते तिने केलं होतं, हात जोडून, तुळशीला पाणी घालून.

लोक गेले. कचेरी रिकामी झाली, उन्हं अजून कौलांवर होती. तिने कप्पा ओढला आणि चार हजार चारशे सतरा काढलं. तांबड्या शाईची दौत फक्त चुका दुरुस्त करायला होती. त्या शाईने शेवटच्या ओळीखाली रेघ ओढून तिने लिहिलं: ‘ही ओळ ऐत पांबद याची नाही. ती माझी आहे आणि खरी नाही. वारिजाक्षी कल्कूर.’ खाली तिथी घातली. शाई वाळेपर्यंत थांबली आणि कार्ड जागच्या जागी लावलं. कप्पा उघडणाऱ्याला ते दिसणार होतं. कप्पा कोण उघडणार, हा प्रश्न निराळा.

मग ती केदिलायांकडे गेली. “सर, एक खंड घेऊन जाऊ? परत आणून देईन.”

“न्या की. तुमचाच आहे.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “कुठं नेताय?”

“वाचून दाखवायचाय.”

“कुणाला?”

तिने खंड उचलून काखेत घेतला. केदिलायांना कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

दुसरा दिवस एकादशीचा. तिने नेहमीसारखी निर्जळी धरली. दिवसभर ऊन होतं, घसा सुकत गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उपासाच्या दिवशी तिच्या मनात देव नव्हता. तळं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला घडा भरून केवढा जड झाला असेल, हे होतं. जुनी वही काढून तिने शिसपेन्सिलीचं पुसट अक्षर पुन्हा वाचलं, दोन्ही प्रश्न आणि दोन्ही उत्तरं, अडखळू नये म्हणून चार वेळा.

द्वादशीला पहाटे स्नान केलं. तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या. आकडा चुकला नाही. पारण्याची वेळ झाली. शेजारच्या सुशीलक्कांनी सवयीप्रमाणे कुंपणावरून हाक दिली, “वारिजाक्षी, सोडलास का उपास? अगस्त्याची भाजी केलीय, वाटीभर देऊ?”

“आज राहू दे, अक्का.”

“अगं, द्वादशीची वेळ टळेल. चाळीस वर्षांत टळू दिली नाहीस.”

“टळू दे.”

“निदान तीर्थाचं पाणी तरी घे चमचाभर. ओठ बघ केवढे सुकलेत.”

“पाणी तिथं गेल्यावर घेईन,” वारिजाक्षी म्हणाली. “एका घरचं राहिलंय माझ्याकडं. गुळाचं.”

वारिजाक्षीने खंड एका धुतलेल्या पंच्यात गुंडाळून पिशवीत घातला. त्यावर वही ठेवली. ज्या पानावर ती ओळ होती तिथे कर्गीचं पोस्टकार्ड खुणेसाठी घातलेलं होतं. ओळ वाचायची, गाळायची नाही. मग ती कुणाची ते सांगायचं. मग वही उघडायची. गुत्तूच्या माडीवरून कुणी ऐकलं तर ऐकू दे. मोठ्यानं वाचायचं असं ठरलं होतं, आणि आपला आवाज केवढा चढू शकतो हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

दाराला कडी घालून ती कार्कळच्या बसकडे चालू लागली.